फौजीच्या पोरांची फी : पूर्ण सवलत, ठरलेली शिष्यवृत्ती आणि दहा हजारांचा तो आदेश

बारावीचे निकाल लागले की मुंबई शहर आणि उपनगर, दोन्हीकडच्या सैनिक कल्याण कार्यालयांत गर्दी वाढते. डिस्चार्ज बुक, पीपीओ (पेन्शन मंजुरीचा कागद), ईएसएम म्हणजे माजी सैनिकाचं कार्ड, मुलाचं गुणपत्रक, सगळं फाइलमध्ये नीट लावलेलं असतं. तरी खिडकीशी गोंधळ ठरलेला. कारण येणाऱ्याला वाटतं की वडील फौजेत होते म्हणजे फी माफ. प्रत्यक्षात फी पूर्ण भरून देणारी योजना फार थोड्यांसाठी आहे, आणि बाकीच्यांना जी शिष्यवृत्ती मिळते तिचा फीच्या आकड्याशी काही संबंध नाही. दोन्ही गोष्टी वेगवेगळ्या काळात, वेगवेगळ्या पैशांतून सुरू झाल्या.

फार मागे जाण्यात अर्थ नाही, पण थोडं जायला हवं. पहिल्या महायुद्धात सातारा आणि कोकणपट्ट्यातून भरपूर भरती झाली. साताऱ्याजवळच्या एकट्या अपशिंग्यातले ४६ जण परत आले नाहीत. त्या गावाच्या नावापुढे ‘मिलिटरी’ आजही लागतं. १९१९ मध्ये सरकारने सैनिकांच्या हितासाठी मंडळ नेमलं. आज दिल्लीतून शिष्यवृत्त्या वाटणारं केंद्रीय सैनिक बोर्ड हे त्याचंच पुढचं रूप, १९७५ मध्ये नवीन नाव घेतलेलं. पण त्या काळात सैनिकाच्या मुलाने कॉलेजात जावं हा विचार कुणाच्या यादीत नव्हता. पेन्शन, बक्षीस, आणि पंजाबकडच्यांना कालव्याकाठची जमीन. आपल्याकडचा माणूस परतला की गावची शेती नाही तर मुंबईची नोकरी. १९४९ पासून ७ डिसेंबरला ध्वजदिनाचा निधी गोळा होऊ लागला. त्यातून मदत मिळायची, पण ती नड भागवण्यापुरती.

खरी सुरुवात १९७१ ची. आणि तिचा मुंबईशी संबंध जवळचा आहे. ९ डिसेंबरच्या रात्री दीवजवळच्या समुद्रात ‘खुकरी’ ही युद्धनौका टॉर्पेडो लागून बुडाली. १८ अधिकारी आणि १७६ नौसैनिक गेले. पश्चिमेच्या ताफ्यातली ती बोट, त्यामुळे कुलाब्याच्या नौदल वसाहतीत एका रात्रीत किती घरं उघडी पडली असतील याचा अंदाज करता येतो. १६ तारखेला ढाक्यात शरणागती झाली आणि १८ डिसेंबरला लोकसभेत घोषणा झाली : या युद्धात मारल्या गेलेल्या, बेपत्ता झालेल्या किंवा कायमचं अपंगत्व आलेल्या सैनिकांच्या मुलांच्या शिक्षणाचा खर्च सरकार उचलेल. १९७२ पासून ती अमलात आली. ट्यूशन फी, वसतिगृहाचा खर्च, पुस्तकं-वह्या, गणवेश. शाळेपासून पहिल्या पदवीपर्यंत. त्यात अभियांत्रिकी, वैद्यकीय वगैरे व्यावसायिक पदव्याही आल्या.

घोषणेत रक्कम नव्हती, हे लक्षात ठेवण्यासारखं आहे. कॉलेज जी फी आकारेल ती, असा हिशेब. युद्ध संपून दोन दिवस झालेले, अशा वेळी कुणी वरची मर्यादा विचारत बसत नाही. ती विचारायला पुढे पंचेचाळीस वर्षं लागली.

नंतर सवलतीचं कुंपण हळूहळू रुंदावत गेलं. श्रीलंकेतली शांतिसेना, सियाचीन, मग दहशतवादविरोधी मोहिमा. प्रत्येक वेळी वेगळा आदेश निघाला, कारण मूळ आदेश एका युद्धापुरता होता. १९९९ च्या कारगिलनंतर सगळ्या देशाचा हात सैल झाला. पेट्रोल पंप, गॅस एजन्सी, खासगी विश्वस्त निधी, उद्योगसमूहांच्या शिष्यवृत्त्या. मुंबईला त्या काळाची दुसरी आठवणही आहे. कारगिलच्या विधवांचं नाव पुढे करून गाजलेली कुलाब्याची ‘आदर्श’ ही ३१ मजली इमारत. पुढे चौकशी आयोगाने ती जागा कारगिलवाल्यांसाठी राखीव नव्हतीच असं म्हटलं, तो भाग वेगळा. विधवांचं नाव मात्र वापरून झालं होतं.

सवलत कुणाला, हे ठरतं माणूस कसा गेला यावरून. पेन्शनच्या नियमांत २००१ पासून मृत्यूचे आणि अपंगत्वाचे पाच वर्ग आहेत. पहिल्यात आजारपणासारखं, सेवेशी संबंध नसलेलं कारण. दुसऱ्यात सेवेमुळे उद्भवलेला किंवा सेवेमुळे बळावलेला आजार. तिसऱ्यात कर्तव्यावर असताना झालेला अपघात. चौथ्यात दहशतवाद्यांचा, समाजकंटकांचा हल्ला. पाचव्यात शत्रूशी प्रत्यक्ष लढाई. दुसऱ्या-तिसऱ्या वर्गाला विशेष कुटुंब निवृत्तिवेतन, चौथ्या-पाचव्याला त्याहून वरचं, उदार दराचं. शिक्षणाची पूर्ण सवलत ‘कारवाईत’ गेलेल्यांसाठी आहे, म्हणजे पाचापैकी वरच्या टोकाला.

तिसऱ्या वर्गाच्या उदाहरणांत विमानप्रवासातला अपघात आहे, विजेचा धक्का आहे, आणि ‘कर्तव्यावर असताना समुद्रात घडलेली दुर्घटना’ही आहे. नौदलाच्या शहरात हे वाक्य थांबून वाचावं लागतं. १४ ऑगस्ट २०१३ च्या मध्यरात्रीच्या सुमारास मुंबईच्या नौदल गोदीत पाणबुडीत स्फोट झाले आणि आतले अठराही जण गेले. १८ जानेवारी २०२२ ला गोदीतच एका युद्धनौकेच्या आतल्या भागात स्फोट होऊन तिघे गेले. दोन्ही वेळा समोर शत्रू नव्हता. बोट तीच, गणवेश तोच, हुकूमही तसाच. पण फीच्या बाबतीत शत्रू समोर होता की नव्हता हा प्रश्न पहिला येतो. नियम बनवणाऱ्यांची बाजू समजून घेता येते, कुठेतरी रेघ मारावीच लागते. तरी गोदीत गेलेल्या माणसाच्या मुलीला ती रेघ पटवून देणं अवघड आहे.

दुसऱ्या वर्गाचं दुखणं निराळं. आजार सेवेमुळे झाला की नाही, हे मेडिकल बोर्ड ठरवतं, आणि कित्येक वर्षं बोर्डाचं उत्तर ठरलेलं असायचं : ‘संबंध नाही’. २०१३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला की भरतीच्या वेळी नोंद नसलेला आजार सेवेत उद्भवला, तर तो सेवेमुळे नाही हे सिद्ध करणं सरकारचं काम. हा निकाल पेन्शनचा म्हणून वाचला गेला. पण बोर्डाच्या कागदावरचं एक वाक्य बदललं की मुलांच्या शिष्यवृत्तीतला क्रमही बदलतो, कारण पुढची योजना याच वर्गांवर उभी आहे.

ती योजना २००६-०७ ची, पंतप्रधानांच्या नावाची. पैसा अर्थसंकल्पातला नाही. १९६२ च्या चीन युद्धाच्या वेळी लोकांनी दागिने आणि पैसे देऊन जो राष्ट्रीय संरक्षण निधी उभा केला, त्यातून ही शिष्यवृत्ती जाते. सुरुवातीला मुलांना महिना १,२५० आणि मुलींना १,५०० रुपये. पुढे दोन हजार आणि सव्वादोन हजार. अर्ज माजी सैनिकांच्या पाल्यांनी किंवा विधवांनी करायचा, तटरक्षक दलासह. बारावीला किमान ६० टक्के, अभ्यासक्रम पहिल्याच व्यावसायिक पदवीचा. प्राधान्यक्रम असा : कारवाईत गेलेले, कारवाईत अपंग झालेले, सेवेमुळे मृत्यू आलेले, सेवेमुळे अपंगत्व येऊन घरी आलेले, शौर्यपदक मिळालेले, आणि शेवटी अधिकारी दर्जाखालचे बाकी सगळे माजी सैनिक. वर्षाला जागा साडेपाच हजार, निम्म्या मुलींना. मुंबईत वॉचमनची नोकरी करणारा निवृत्त हवालदार ज्या शिष्यवृत्तीबद्दल विचारतो ती ही, आणि तो रांगेत सहाव्या क्रमांकावर असतो.

आता २०१७. दहा हजारांच्या मर्यादेचा आदेश ज्यांनी त्या वर्षी अनुभवला ते अजून विसरलेले नाहीत.

सातव्या वेतन आयोगाने भत्त्यांची झाडाझडती घेतली. १९६ भत्ते समोर होते. त्यातले ५२ बंद करा, ३६ दुसऱ्यांत मिसळून टाका, अशी शिफारस झाली. त्या यादीत, घरभाडे आणि धुलाई भत्त्याच्या शेजारी, १९७२ ची शैक्षणिक सवलतही होती. आयोगाने ती चालू ठेवायला सांगितलं, पण ट्यूशन फी आणि वसतिगृह मिळून महिना दहा हजारांच्या वर नको, असं म्हटलं. मंत्रिमंडळाने भत्त्यांचा निर्णय घेतला, १ जुलै २०१७ पासून मर्यादा लागू झाली, आणि १३ सप्टेंबरला संरक्षण खात्याचा आदेश निघाला.

दहा हजार महिना म्हणजे वर्षाला एक लाख वीस हजार. सरकारी अभियांत्रिकी महाविद्यालयात घरूनच जाऊन-येऊन शिकणाऱ्या मुलाचं यात भागलं असतं. खासगी विनाअनुदानित कॉलेजात वैद्यकीय किंवा अभियांत्रिकीला असलेल्याचं, त्यातही मुंबई-पुण्यात वसतिगृहात राहून, शक्यच नव्हतं. आणि आदेश नवीन प्रवेशापुरता नव्हता. दुसऱ्या-तिसऱ्या वर्षाला असलेल्या मुलांनी प्रवेश घेतला तेव्हा पूर्ण फी मिळेल असा शब्द होता. वर्ष अर्ध्यावर असताना तो बदलला.

सरकारची बाजूही सांगायला हवी. काही दावे फार मोठे होते. एका विद्यार्थ्यामागे वर्षाला जवळपास १९ लाखांपर्यंत गेलेलं उदाहरण संसदेत सांगण्यात आलं. करदात्याच्या पैशाला कुठेतरी मर्यादा असावी हे म्हणणं चुकीचं नाही. पण त्याच उत्तरांत आलेला दुसरा आकडा जास्त बोलका होता. मर्यादेचा फटका बसणारे विद्यार्थी सुमारे २५०, आणि बचत वर्षाला सुमारे चार कोटी. संरक्षणाच्या लाखो कोटींच्या खर्चात चार कोटी.

तेव्हाच्या नौदलप्रमुखांनी संरक्षणमंत्र्यांना पत्र लिहून मर्यादा काढायची विनंती केली. ते पत्र बाहेर आलं, वाहिन्यांवर चर्चा झाली, माजी सैनिकांच्या संघटना उठल्या, संसदेत प्रश्न विचारले गेले. खात्यातून काही महिने एकच उत्तर येत राहिलं : वेतन आयोगाची शिफारस आहे. माझ्या मते गोष्ट बिघडली ती इथे. वेतन आयोगाचं काम पगाराचं. पगार हा काम करणाऱ्याला मिळतो. इथे काम करणारा माणूसच उरलेला नव्हता, आणि त्याच्या मुलांना दिलेला शब्द पगाराच्या तक्त्यात एक ओळ होऊन बसला होता. कुठल्या तरी टेबलावर ही ओळ भत्ता समजून लिहिली गेली, आणि नंतर कुणी ती काढून बाजूला ठेवली नाही. दुष्टपणा नसावा. पण फायलीवर सह्या करणाऱ्या इतक्या लोकांपैकी एकालाही हा फरक खटकू नये, हे मात्र पचत नाही.

मार्च २०१८ मध्ये मर्यादा मागे घेतली गेली. सोबत एक अट आली : संस्था सरकारी किंवा अनुदानित असावी, सैनिकी शाळा असावी, किंवा केंद्र-राज्याची मान्यता असलेली असावी. बहुतेक कॉलेजं या अटीत बसतात. तरी तेव्हापासून कार्यालयात मान्यतेचा कागद आधी मागतात, आणि पालकांनी प्रवेशाआधी तो कॉलेजकडून घेऊन ठेवलेला बरा. फी आधी खिशातून भरून मग परतावा मिळतो, हा त्रास काही त्या आदेशाने गेला नाही.

त्यानंतरच्या गोष्टी वेगाने झाल्या. ३१ मे २०१९ रोजी, नव्या सरकारच्या पहिल्याच निर्णयात पंतप्रधान शिष्यवृत्ती मुलांना अडीच हजार आणि मुलींना तीन हजार झाली. दहशतवादी आणि नक्षलवादी हल्ल्यांत गेलेल्या राज्य पोलिसांची मुलंही तिच्यात आली, वर्षाला ५०० जागा. गडचिरोली आणि २६/११ दोन्ही सोसलेल्या महाराष्ट्राला ही भर लगेच समजली.

राज्याची व्यवस्था या सगळ्याला समांतर चालते. व्यावसायिक प्रवेशात संरक्षण दलाच्या पाल्यांना राखीव जागा आहेत, आणि फॉर्म भरताना डिफेन्स १, २ की ३ हे निवडावं लागतं. १ म्हणजे महाराष्ट्राचा रहिवासी माजी सैनिक, २ म्हणजे सेवेत असलेला महाराष्ट्राचा रहिवासी, ३ म्हणजे बदलीने इथे आलेला परराज्यातला. कुलाब्यात आणि मानखुर्दच्या लष्करी-नौदल वसाहतींत तिसऱ्या गटातली मुलं पुष्कळ. ही जागा मिळाली म्हणजे फी माफ झाली असं नाही, हा दुसरा नेहमीचा गैरसमज. माजी सैनिकांच्या पाल्यांची शैक्षणिक सवलत राज्याच्या डीबीटी (पैसे थेट खात्यात जमा करणाऱ्या) पोर्टलवर वेगळी भरायची असते. शिवाय २०२४-२५ पासून आठ लाखांच्या आत उत्पन्न असलेल्या घरातल्या ठरावीक प्रवर्गांतील मुलींची व्यावसायिक अभ्यासक्रमांची फी राज्याने माफ केली आहे. त्यामुळे काही घरांत मुलीसाठी वडिलांचा डिस्चार्ज बुक काढायची गरजच पडत नाही.

२०२२ पासून भरती झालेल्या अग्निवीरांना माजी सैनिकाचा दर्जा नाही. चार वर्षांनी बाहेर पडणाऱ्याचं वय लहान, त्यामुळे त्यांच्या मुलांच्या कॉलेजचा प्रश्न अजून पंधरा-वीस वर्षं येणार नाही. येईल तेव्हा पंतप्रधान शिष्यवृत्तीच्या सहाव्या प्राधान्यातही त्यांना जागा नसेल, नियम आहेत तसेच राहिले तर.

सगळ्यात ताजा बदल हवालदार आणि त्याखालच्या दर्जाच्या घरांसाठीचा. संरक्षणमंत्र्यांच्या कल्याण निधीतून दोन मुलांसाठी पदवीपर्यंत, आणि पदव्युत्तर शिकणाऱ्या विधवेला, महिना प्रत्येकी एक हजार मिळायचे. १ नोव्हेंबर २०२५ पासूनच्या अर्जांना दोन हजार मिळतात. या निधीत पदव्युत्तर शिक्षणाची सोय आहे ती मुलांसाठी नाही, त्यांच्या आईसाठी. सैनिक कल्याण कार्यालयात सर्वात कमी अर्ज याच रकान्यात असावेत असं मला वाटतं. तिशी-पस्तिशीत नवरा गेलेल्या बाईला तू पुन्हा कॉलेजात जाऊ शकतेस, हे खिडकीतून सांगणारं बहुधा कुणी नसतं.