भूमिगत खाणीतील पाण्याचा अंदाज आणि पंपांचे तास

वर्धा खोरे व कामठी कोळसाक्षेत्रांतून खाणीत झिरपून येणाऱ्या भूजलाच्या आवकेचा अंदाज मागणारी जी कागदपत्रे आमच्याकडे येतात, त्यांतील बहुतेकांत पंप चालल्याच्या तासांना पंपाच्या पाटीवर लिहिलेल्या क्षमतेने गुणून काढलेला आकडाच आवक म्हणून दिलेला असतो. तो आम्ही का स्वीकारत नाही, अशी विचारणा वारंवार होते.

पाटीवरील क्षमता ठरावीक उंचीसाठी असते. पाणी त्याहून वर चढवावे लागले किंवा इम्पेलर (पंपातील पाणी ढकलणारे फिरते चाक) झिजला की विसर्ग घटतो. मोठी चूक मात्र बेरजेत होते. फेसवरील (कोळसा काढण्याच्या जागेवरील) पाणी आधी डिस्ट्रिक्टच्या, म्हणजे खाणीच्या त्या विभागाच्या, सम्पात (पाणी साठवण्याच्या खड्ड्यात), मग मुख्य सम्पात आणि शेवटी पृष्ठभागावर जाते. तिन्ही ठिकाणचे तास मिळवल्यास तेच पाणी तीनदा मोजले जाते. वाळूभराई (कोळसा काढलेल्या पोकळीत पाण्याबरोबर वाळू भरणे) चालू असेल, तर वाळूबरोबर वरून सोडलेले पाणीही सम्पातच उतरते, आणि ते भूजल नव्हे. अशा आकड्याशी गणित जुळवले की कोळशाच्या वर असलेल्या कामठी वालुकाश्माची पारगम्यता (पाणी वाहू देण्याची क्षमता) फुगून दिसते व पुढील पॅनेलसाठी (खाणकामाच्या पुढच्या गटासाठी) नको इतके मोठे पंप खरेदी होतात.

म्हणून मुख्य सम्पाकडे येणाऱ्या नालीवर 90 अंशांची व्ही-नॉच (इंग्रजी V आकाराची खाच असलेली पाटी) बसवून तिची वाचने पाठवावीत. खाचेच्या तळापासून पाण्याची उंची 10 सेंटिमीटर असता विसर्ग सेकंदाला सुमारे 4.4 लिटर असतो, 20 सेंटिमीटरला तो 25 लिटरच्या आसपास जातो. दहाच्या जागी अकरा लिहिले गेले तरी उत्तर सव्वापटीहून अधिक होते. त्यामुळे मोजपट्टी खाचेच्या तोंडाशी न धरता, पाण्याच्या उंचीच्या किमान चौपट अंतरावर, प्रवाहाच्या वरच्या बाजूस लावावी. भराईचे पाणी निथळून गेल्यानंतरची वाचने स्वतंत्र लिहावीत.

एका भेटीत अहवाल द्यावा, हा आग्रह आम्हांला मान्य करता येत नाही. डिपिलरिंगनंतर (आधारासाठी ठेवलेले कोळशाचे खांब काढल्यानंतर) छत कोसळून भेगा वालुकाश्मापर्यंत पोहोचल्यास आधी त्यात साठलेले पाणी वेगाने उतरते व पुढे आवक मंदावते. म्हणून पहिल्या आठवड्याचा आकडा वर्षभरासाठी धरता येत नाही. उन्हाळा आणि पावसाळा, दोन्हींतील नोंदी आम्ही मागतो त्या याचसाठी.

नॉचची पत्र्याची पाटी व नोंदवही आमच्या शुल्कातच मिळते, आणि पहिल्या भेटीत पंपचालकांना वाचन घेण्याचे प्रशिक्षणही दिले जाते. केंद्रीय भूजल प्राधिकरणाकडे ना हरकत प्रमाणपत्रासाठी अर्ज करावयाचा असल्यास, अर्जाचे काम हाती घेण्याची वाट न पाहता नोंदी सुरू कराव्यात.