ठोकळा खाली आहे का वर? नाइट लोरपासून लुमोपर्यंत

मे महिन्यात नागपुरात दुपारी १२ नंतर बाहेर निघायची सोयच नसते, कूलरसमोर बसून जे होईल ते करायचं. परवा माझा भाचा असाच लॅपटॉपवर एम्युलेटर (जुन्या कॉम्प्युटरची नक्कल करणारं सॉफ्टवेअर) टाकून हेड ओव्हर हील्स हा १९८७ चा गेम खेळून राहिला होता आणि एका खोलीत अर्धा तास अडकला. म्हणे, "मामा, हा ठोकळा जमिनीवर आहे का हवेत लटकून राहिला, समजूनच नाही राहिलं." बरोबर जागी बोट ठेवलं पोरानं. या आयसोमेट्रिक, म्हणजे कोपऱ्यातून तिरक्या दिसणाऱ्या खोल्यांच्या, गेम्सचे जेवढे रिमेक झाले त्या सगळ्यांना आधी याच प्रश्नाचं काहीतरी करावं लागलं, म्हणून जरा मागून सुरू करतो.

इंजिनिअरिंगच्या फर्स्ट इयरला ड्राफ्टर घेऊन बसमध्ये लटकत कॉलेजला गेलेल्या प्रत्येकाला आयसोमेट्रिक व्ह्यू माहीत आहे. ३० अंशाच्या रेषा मारायच्या, वस्तू कोपऱ्यातून आणि थोडी वरून दिसते, आणि मुख्य म्हणजे लांबची बाजू लहान होत नाही. गेमवाल्यांना हेच पाहिजे होतं. लांब गेल्यावर माणूस लहान दिसत नाही म्हटल्यावर त्याचं एकच चित्र अख्ख्या खोलीत चालतं, कॉम्प्युटरला लहान-मोठं करायचा हिशोब करावा लागत नाही. फक्त ३० अंशाची रेष पिक्सेलमध्ये नीट उमटत नाही, पायऱ्या वेड्यावाकड्या येतात, म्हणून दोन पिक्सेल आडवे आणि एक खाली अशी रेष घेतली, ती भरते साधारण २६.५७ अंशाची. इंजिनिअरिंग ड्रॉइंगच्या सरांनी असल्या शीटवर सही केली नसती, त्यांच्या भाषेत हे डायमेट्रिक (तीनपैकी दोनच कोन सारखे) झालं, पण नाव आयसोमेट्रिकच पडलं ते पडलं.

१९८२ मध्ये आर्केडला झॅक्सन आणि क्यूबर्ट आले, १९८३ मध्ये सँडी व्हाइटनं झेडएक्स स्पेक्ट्रम या ब्रिटिश घरगुती कॉम्प्युटरवर अँट अटॅकमध्ये अख्खं तटबंदीचं शहर उभं केलं. पण खोल्या-खोल्यांचा, उडी मारायचा, वस्तू सरकवून डोकं लावायचा जो प्रकार आपण आज ओळखतो तो १९८४ च्या शेवटी नाइट लोरमध्ये आला. इंग्लंडातल्या अ‍ॅशबी-द-ला-झूश नावाच्या छोट्या गावात टिम आणि ख्रिस स्टँपर हे भाऊ अल्टिमेट प्ले द गेम नावानं गेम काढत, त्यांचा तो. हिरो सेबरमॅन, त्याला शाप, रात्र झाली की लांडगा होतो, आणि ४० दिवसांत उतारा शोधायचा. स्टँपर बंधूंनी नंतर सांगितलं की गेम आधीच तयार होता पण मुद्दाम मागे ठेवला, कारण हा बाहेर आल्यावर त्यांचाच सेबर वुल्फ हा दुसरा गेम कोणी घेतला नसता.

तंत्राला त्यांनी फिल्मेशन नाव दिलं. माणूस खांबाच्या मागून गेला की झाकला जायला पाहिजे आणि पुढून गेला की खांब झाकला जायला पाहिजे, आज वाचताना वाटतं यात काय आहे, पण मशीनमध्ये ३.५ मेगाहर्ट्झचा झेड८० प्रोसेसर आणि एकूण ४८ के मेमरी, त्यातले ६,९१२ बाइट तर नुसत्या स्क्रीनलाच जायचे. कोण पुढे कोण मागे हे क्रमानं लावून, कडा कापून, दरवेळी पुन्हा चितारायचं. खोलीत हलणाऱ्या वस्तू जास्त झाल्या की गेम चक्क हळू व्हायचा, आणि खेळणारे त्या हळूपणातच उडीचा टायमिंग साधायचे. रिमेक करताना आजच्या मशीनवर हा हळूपणा उडून जातो आणि त्याबरोबर जुनी उडीही बदलते, हे बऱ्याच जणांच्या लक्षातच येत नाही.

रंगाचंही तसंच. स्पेक्ट्रमवर ८ बाय ८ पिक्सेलच्या चौकटीत दोनच रंग बसायचे, माणूस चालत गेला की त्याचा रंग भिंतीला लागायचा. त्यावर तोडगा म्हणून अख्खी खोली एकाच रंगात, एक पिवळी, दुसरी हिरवी, काळ्यावर. मला आजही तेच सगळ्यात सुंदर वाटतं.

नंतर रांगच लागली. अल्टिमेटचाच एलियन ८, बो यांगेबोर्गचा फेअरलाइट, दोन्ही १९८५ चे. जॉन रिटमननं नाइट लोर पाहिला आणि आपणही हेच करायचं ठरवलं, बर्नी ड्रमंडची चित्रं घेऊन १९८६ मध्ये ओशन या गेम कंपनीसाठी बॅटमॅन केला आणि १९८७ मध्ये हेड ओव्हर हील्स. माझ्या मते या प्रकाराचं टोक तेच. दोन जीव, हेड उंच उडतो आणि डोनट फेकतो, हील्स जोरात पळतो आणि पिशवीत वस्तू उचलतो, दोघं आधी वेगवेगळे फिरतात, मग भेटले की एकावर एक बसून एक होतात, आणि तुम्हाला ठरवायचं असतं की कुठं सोबत जायचं आणि कुठं फुटायचं. ३०० च्या आसपास खोल्या, ४८ के मध्ये! स्पेनमध्ये त्याच वर्षी पाको मेनेंडेझनं ला अबादिआ देल क्रिमेन केला, तो मठातल्या खुनांचा तपास.

आपल्याकडं डेसिबल्स कंपनीनं १९८८ मध्ये लायसन्स घेऊन स्पेक्ट्रम प्लस भारतात काढला होता, पण आमच्या गल्लीत तरी तो कोणाकडं नव्हता. आमच्याकडं टीव्ही गेम, त्यात मारियो आणि कॉन्ट्रा, कॅसेट फुंकून लावायची. म्हणून हे सगळं आम्हाला उलट्या क्रमानं सापडलं, आधी रिमेक मग ओरिजिनल.

नव्वदच्या दशकात खरं थ्रीडी आलं आणि हा प्रकार मागं पडला. त्याला जिवंत ठेवलं ते हौशी लोकांनी. रेट्रोस्पेक नावाच्या ग्रुपनं २००३ मध्ये हेड ओव्हर हील्स नव्या ग्राफिक्ससकट विंडोज, मॅक, लिनक्ससाठी फुकट दिला, खोल्या त्याच, कोडी तीच. मी पहिल्यांदा हा खेळलो, सीताबर्डीच्या एका सायबर कॅफेतून सीडीवर आणून. २०१५ च्या रेअर रिप्ले या जुन्या गेम्सच्या संग्रहात नाइट लोर आहे तसाच आला, चूक झाली की मागं न्यायची सोय मात्र जोडून. २०१६ मध्ये ला अबादिआचा एक्स्टेन्सम नावाचा रिमेक आला. त्याच वर्षी गॅरेथ नूननचा लुमो आला, तो कुठल्या एका गेमचा रिमेक नाही पण सगळ्यांचा मिळून आहे. त्यात दोन मोड, एकात नकाशा आणि हवे तेवढे जीव, दुसऱ्यात जुन्यासारखे मोजके जीव आणि नकाशा नाही.

आता भाच्याचा ठोकळा. या व्ह्यूमध्ये हवेतला जवळचा ठोकळा आणि जमिनीवरचा मागचा ठोकळा स्क्रीनवर अगदी एकाच जागी दिसू शकतात, चित्रावरून फरक काढायला मार्गच नाही. रिमेकवाले खाली सावली पाडतात, प्रश्न सुटतो, आणि मला ते पटतं, कारण न दिसल्यामुळं मरणं हे कोडं नव्हतंच कधी. मागं न्यायची सोय मात्र मला पटत नाही. बॅटमॅनमध्ये दगड होते, हेड ओव्हर हील्समध्ये मासा, तो मिळाला की मेल्यावर तिथून सुरुवात, आणि इथं खाऊ का पुढं वाचवू हा विचार स्वतःच एक कोडं होता. मागं नेता आलं की तो मासा नुसता मासा उरतो. २०१४ चा मॉन्युमेंट व्हॅली हा गेम तर उलट्या बाजूनं गेला, दोन जागा एकच दिसतात ना, मग त्या खरंच जोडू, म्हणून त्यात न जुळणारे पूल जुळतात.

भाच्याला मी एवढंच म्हटलं, हेडला ठोकळ्याच्या खालून चालवून बघ. हेड धडकला तर ठोकळा जमिनीवर, आणि त्याच्याखाली झाकला जाऊन पलीकडून निघाला तर वर. हेड पलीकडून निघाला.