सहावीतल्या मुलाचं गणित किती वेगाने पुढे न्यावं?

सहावीच्या वार्षिक परीक्षेत गणितात ९५ गुण मिळवलेली दोन मुलं घ्या. एकाला सातवीचं निम्मं गणित आधीच येत असतं. दुसऱ्याने सहावीचंच घोटून पक्कं केलेलं असतं. दोघंही हुशार, पण सहावीच्या प्रश्नपत्रिकेत त्यांच्यातला फरक दिसत नाही. अमेरिकेतल्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात मानसशास्त्रज्ञ ज्युलियन स्टॅनली यांनी १९७१ मध्ये गणितात खूप पुढे असलेल्या मुलांचा अभ्यास सुरू केला, तेव्हा याच कारणासाठी १२-१३ वर्षांच्या मुलांना ‘सॅट’ ही कॉलेजप्रवेशाची परीक्षा दिली. मुलाची झेप मोजायची तर पेपर त्याच्या वरच्या इयत्तेचा लागतो.

हे घरीही करता येतं. सहावी संपल्यावर सुट्टीत सातवीची वार्षिक प्रश्नपत्रिका द्या. तयारी नको, मदत नको, वेळ मात्र पूर्ण द्या. आमचा ठोकताळा असा: निम्म्याहून कमी गुण पडले तर वेग वाढवू नका, सहावीतलीच कठीण उदाहरणं द्या. ५० ते ८० टक्क्यांच्या मुलाला सहावी ते आठवीचं राहिलेलं गणित दाटीवाटीने शिकवता येतं. ८५च्या वर गेलेल्याला सातवीतल्या फक्त सुटलेल्या जागा भरून आठवीला हात घालता येतो. मात्र एकूण गुणांपेक्षा कोणत्या प्रकरणातले गुण गेले ते आधी बघा. भूमितीत चुकलेलं महिनाभरात भरून निघतं. अपूर्णांकात चुकलं असेल तर तिथेच थांबा.

अपूर्णांकांवर एवढा भर देण्याला आधार आहे. मानसशास्त्रज्ञ रॉबर्ट सीग्लर आणि सहकाऱ्यांनी २०१२ मध्ये ब्रिटन आणि अमेरिकेतल्या मुलांची आकडेवारी तपासली. दहाव्या वर्षी अपूर्णांक आणि भागाकार किती समजले आहेत, यावरून हायस्कुलातल्या बीजगणिताचा अंदाज बांधता आला. बुद्धिमत्ता, घरचं उत्पन्न, पालकांचं शिक्षण यांचा परिणाम वेगळा काढल्यावरही हा संबंध टिकला.

तपासणी दहा मिनिटांची आहे. ५/७ मोठा की ७/१०, आणि का? (छेद ७० केला की ५० आणि ४९, म्हणजे फरक जेमतेम ७०वा भाग.) मग ३/४ ÷ १/२ सोडवायला सांगा. उलटा करून गुणायचं बहुतेकांना येतं, उत्तर दीड येतं. आता याच भागाकारावर एक शाब्दिक उदाहरण तयार करायला सांगा. ‘पाऊण लिटर दूध होतं, ते दोघांत सारखं वाटलं,’ असं मुलाने सांगितलं तर त्याने दोनने भागलं, अर्ध्याने नाही. त्याचं उत्तर ३/८ येईल. ‘पाऊण लिटर दुधात अर्ध्या लिटरची मापं किती भरतील?’ असं सांगणारं मूल पुढे जायला तयार आहे.

सातवी सरसकट गाळली की हमखास दोन ठिकाणी घसरण होते. पहिलं ठिकाण ऋण चिन्हाचं: ५ − २(क्ष − ३). घाईने आलेली मुलं ५ − २क्ष − ६ लिहितात, नाहीतर आधी पाचातून दोन वजा करून ३(क्ष − ३) करतात. बरोबर उत्तर ११ − २क्ष. दुसरं व्यस्त प्रमाणाचं: ४ मजूर ६ दिवसांत काम करतात, तर ३ मजुरांना साडेचार दिवस लागतील असं सांगणाऱ्या मुलाला आपलं उत्तर चमत्कारिक आहे हेही जाणवत नाही. (२४ भागिले ३, आठ दिवस.) ही चूक नववी-दहावीत वेगळ्या रूपात पुन्हा निघते आणि तेव्हा ती शोधणं फार अवघड जातं.

सगळ्यांना एकच वेग लावल्याचे परिणाम कॅलिफोर्नियाने दोन्ही बाजूंनी पाहिले. तिथे १९९७ च्या अभ्यासक्रमाने बीजगणित आठवीत आणलं आणि पुढे तयारी नसलेलीही अनेक मुलं त्या वर्गात बसली, त्यातल्या बऱ्याच जणांना नववीत तेच पुन्हा शिकावं लागलं. उलट सॅन फ्रान्सिस्कोच्या शाळांनी २०१४ मध्ये बीजगणित सर्वांसाठीच नववीत नेलं. तयार असलेली मुलं अडकली, पालक चिडले आणि २०२४ मध्ये मतदारांनी ते आठवीत परत आणण्याच्या बाजूने कौल दिला.

वेग वाढवायचं ठरलं तर तीन वर्षांचं दोन वर्षांत हे प्रमाण बहुतेक मुलांना झेपतं, म्हणजे एका सत्रात दीड सत्राचा अभ्यास. प्रत्येक प्रकरणाआधी दहा उदाहरणांची चाचणी घ्या. आठ बरोबर आली तर चुकलेली दोनच शिकवा आणि पुढे जा. स्तंभालेख, बँक आणि सरळव्याज, कोन यांत वेळ वाचतो. तो परिमेय संख्या, प्रमाण आणि एकचल समीकरणांवर खर्च करा, तिथे घाई नकोच. दर महिन्याला मागच्या सगळ्या प्रकरणांतली दहा मिसळलेली उदाहरणं द्या. सातपेक्षा कमी आली तर दोन आठवडे नवीन काही नाही. चूक निष्काळजीपणाची की समजुतीची, हे त्याच धाटणीची पाच उदाहरणं देऊन कळतं. पाचही वेळा तशीच चूक झाली तर समजुतीचीच.

सातवी संपताना आठवीचं गणित हातात आलेल्या मुलाला लगेच दहावीच्या पुस्तकाकडे किंवा जेईईच्या ‘फाउंडेशन’ वर्गाकडे ढकलू नये, असं आमचं ठाम मत आहे. त्याला विभाज्यता, मोजणीच्या युक्त्या आणि सिद्धता द्या. आठवीपासून गणित ऑलिम्पियाडची पहिली पायरी, आयओक्यूएम ही पात्रता परीक्षा, देता येते: तीन तास, ३० प्रश्न, कलनशास्त्राची गरज नाही. एका उदाहरणाशी अर्धा तास झटायची सवय लागायला आठवी हे चांगलं वय आहे.