तिवराचा श्वास आणि दुधाची पिशवी

"काका, इथं गटार सोडलंय का?" ठाणे खाडीच्या काठी, ऐरोलीला कचरा वेचायला पहिल्यांदा आलेलं पोर नाक दाबून हमखास हे विचारतं. सांडपाणी खाडीत येतं हे खरंच. पण पायाखालच्या काळ्या चिखलाचा सडक्या अंड्यासारखा वास अस्सल खाडीचा, शहर वसण्याच्या कितीतरी आधीपासूनचा. चिखलाच्या बारीक कणांमधल्या फटी पाण्याने भरलेल्या असतात आणि हवेच्या मानाने पाण्यातून ऑक्सिजन सुमारे १०,००० पट सावकाश पसरतो. थोडं खाली गेलं की तो संपलेलाच. तिथले जिवाणू समुद्राच्या पाण्यातल्या सल्फेटवर गुजराण करतात आणि हायड्रोजन सल्फाइड सोडतात. वास त्याचा.

मग अशा जागी तिवर, म्हणजे खाडीकाठचं खारफुटीचं झाड, जगतं कसं? मुळं चिखलाच्या वर काढून. झाडाभोवती पेन्सिलीएवढ्या शेकडो काड्या उभ्या दिसतात, ती श्वसनमुळं. सालीवर बारीक छिद्रं, आत स्पंजासारखी पोकळी.

खरी गंमत भरतीला. छिद्रं पाण्याखाली जातात, पण अळूच्या पानासारखी ती पाण्याला धरून ठेवत नाहीत, म्हणून पाणी आत शिरत नाही. हवाही मिळत नाही. मूळ कोंडलेल्या हवेतला ऑक्सिजन वापरत राहतं आणि कार्बन डायऑक्साइड सोडतं. म्हणजे एक वायू गेला, दुसरा आला, हिशेब सारखाच? नाही. कार्बन डायऑक्साइड पाण्यात ऑक्सिजनच्या पंचवीस-तीस पट विरघळतो. तो भोवतालच्या पाण्यात निघून जातो, जागा भरायला कुणी नसतं, मुळातला दाब उतरतो. ओहोटीला छिद्रं उघडी पडली की बाहेरची हवा आपसूक आत ओढली जाते. दिवसातून दोन श्वास!

१९५५ साली शोलँडर या संशोधकाने आणि सहकाऱ्यांनी कांदळ या दुसऱ्या खारफुटीच्या जातीतल्या झाडाच्या मुळांवरची छिद्रं ग्रीस फासून बुजवली. मुळांतला ऑक्सिजन १५ टक्क्यांच्या वर होता, तो दोन दिवसांत २ टक्क्यांवर आला.

आपल्याकडे ग्रीसचं काम प्लास्टिक करतं. भरतीबरोबर आलेली पिशवी काड्यांवर टोपीसारखी बसते. ती खसकन ओढायची नाही, मुळं मोडतात. कात्रीने कापून सोडवायची. परवा एक काळी पिशवी सोडवली, आत निर्माल्य. झेंडू कधीच कुजून गेला होता, गाठ शाबूत. फुलं पाण्यात सोडायचं पुण्य मिळालं असेल, तर गाठीचं काय मिळालं?

यायचं तर अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास या. तेव्हा उधाण असतं, सकाळी सातच्या सुमारास पाणी सर्वांत खाली जातं आणि सगळ्या काड्या उघड्या पडतात. अमावास्या अशुभ म्हणून घरी बसणाऱ्यांमुळे आमचे हात कमी पडतात. आणि रोपं घेऊन येऊ नका. तिवराचं बी भरतीबरोबर तरंगत येतं, जागा मोकळी मिळाली तर स्वतःच रुजतं. लागवडीच्या फोटोंचा सोस आपल्याला, झाडाला नाही.

२०२२ मध्ये खाडीला रामसर दर्जा, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा ही ओळख, मिळाल्यापासून गर्दी वाढली आहे, बरीचशी फ्लेमिंगोंसाठी. असो. दर रविवारी फोटोखाली गोळा केलेल्या कचऱ्याचे किलो लिहितात. मी मोकळ्या झालेल्या काड्या मोजतो. गेल्या वेळी अर्ध्या लिटरच्या एका दुधाच्या पिशवीखाली नऊ निघाल्या.