रॉयल वेल्च फ्युझिलिअर्स

ब्रिटिश लष्करातील पायदळाची एक नामवंत पलटण. वेल्समधील सर्वांत जुनी पायदळ रेजिमेंट म्हणून ती ओळखली जाते. जुन्या क्रमवारीत ती २३ वी. पदच्युत राजा दुसरा जेम्स याच्याविरुद्धच्या युद्धासाठी तिसऱ्या विल्यमला सैन्य हवे होते. त्याच्या वतीने लॉर्ड हर्बर्टने मार्च १६८९ मध्ये वेल्सच्या सीमेलगतच्या लडलो येथे ही पलटण उभी केली. पुढच्याच वर्षी आयर्लंडमधील बॉइनच्या लढाईत ती उतरली.

१७०२ मध्ये तिला फ्युझिलिअर्स हा दर्जा मिळाला. तोफखान्याजवळ दारूचे पिंप असत. तिथे जळती वात लावून उडवायची बंदूक धोक्याची, म्हणून पहाऱ्याच्या शिपायांना चकमकीच्या ठिणगीने उडणारी हलकी बंदूक, म्हणजे फ्युझिल, दिली जाई. नाव त्यावरून पडले. १७१४ मध्ये प्रिन्स ऑफ वेल्सच्या नावाने पलटणीला किताब मिळाला आणि युवराजाची तीन पिसे, उगवता सूर्य व लाल ड्रॅगन ही चिन्हे तिच्या निशाणावर आली. हाच युवराज पुढे दुसरा जॉर्ज म्हणून गादीवर बसला. १७४३ मध्ये डेटिंगनच्या रणांगणावर त्याने स्वतः सैन्याचे नेतृत्व केले, तेव्हा त्या सैन्यात ही पलटणही होती. त्याच्यानंतर कोणत्याही ब्रिटिश राजाने रणांगणावर सैन्याचे नेतृत्व केलेले नाही.

राजघराण्याशी असलेले नाते किताबांपेक्षा पलटणीच्या दोन प्रथांत जास्त जिवंत राहिले. पहिली प्रथा काळ्या फितींची. अठराव्या शतकात शिपाई केसांची शेपटी बांधत आणि त्यांना पावडर लावत. १८०८ मध्ये ही पद्धत सैन्यातून बंद झाली, पण २३ व्या पलटणीच्या अधिकाऱ्यांनी शेपटीला बांधायच्या फिती कॉलरमागे तशाच लटकत ठेवल्या. १८३४ मध्ये पाहणीस आलेल्या एका जनरलने त्यावर हरकत घेतली. प्रकरण चौथ्या विल्यमपर्यंत गेले आणि या पलटणीचे वैशिष्ट्य म्हणून राजाने फितींना मान्यता दिली. तेव्हा हा मान अधिकारी आणि वरिष्ठ सार्जंटांपुरताच होता. सर्व शिपायांना तो व्हिक्टोरिया राणीच्या कारकिर्दीच्या अखेरीस, १९०० मध्ये मिळाला.

दुसरी प्रथा बोकडाची. ती नेमकी कधी सुरू झाली याची नोंद नाही, पण १७७७ मधील एका लष्करी ग्रंथात ती तेव्हाच प्राचीन म्हटली आहे. १ मार्चला, वेल्सचे संत डेव्हिड यांच्या दिवशी, शिंगांना सोनेरी मुलामा दिलेल्या बोकडावर ढोलवाला मुलगा बसे आणि त्याला जेवणाच्या टेबलाभोवती तीन फेऱ्या मारत. १७७५ मध्ये बोस्टनला बोकडाने त्या मुलाला टेबलावर फेकले, अधिकाऱ्यांच्या डोक्यांवरून उडी घेतली आणि अंगावरच्या साजासकट बराक गाठली, असे हा ग्रंथ सांगतो. १८४४ मध्ये व्हिक्टोरिया राणीने राजघराण्याच्या कळपातला बोकड पलटणीला भेट दिला आणि तेव्हापासून बोकड देण्याचा मान राजाराणीकडे आला. बोकडाला हुद्दा असतो, त्याच्या देखभालीसाठी ‘गोट मेजर’ नेमलेला असतो आणि संचलनात तो पलटणीच्या पुढे चालतो. संत डेव्हिडच्या दिवशी नव्या अधिकाऱ्याने एक पाय खुर्चीवर, दुसरा टेबलावर ठेवून कच्चे लीक, म्हणजे कांद्याच्या कुळातली जाड पातीची भाजी, ढोलाच्या गजरात खायचे, अशीही रीत आहे.

लढायांची यादी मोठी आहे: ब्लेनहाइम, मिंडेन, अल्बुएरा, वॉटर्लू. वॉटर्लूला पलटणीचा प्रमुख सर हेन्री एलिस प्राणघातक जखमी झाला. क्रिमियन युद्धात २० सप्टेंबर १८५४ रोजी आल्मा नदीकाठच्या चढावर सार्जंट ल्यूक ओ’कॉनर जखमी असूनही राणीचे निशाण घेऊन पुढे गेला. त्याला व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला आणि हा साधा शिपाई पुढे मेजर जनरलपदापर्यंत पोहोचला.

भारताशी पलटणीचा संबंध १८५७ च्या उठावात लखनौला आला. दुसऱ्या महायुद्धात तिची पहिली बटालियन ब्रिटिशांच्या दुसऱ्या डिव्हिजनमध्ये होती. अहमदनगरच्या परिसरात सरावात गुंतलेली ही डिव्हिजन १९४४ मध्ये घाईने ईशान्येकडे हलवली गेली आणि कोहिमाच्या लढाईत उतरली.

पहिल्या महायुद्धात पलटणीच्या ४२ बटालियन उभ्या राहिल्या. सीगफ्रीड ससून आणि रॉबर्ट ग्रेव्ह्ज हे कवी तिच्यातलेच. पण वेल्सच्या मनात घर करून बसला तो मेंढपाळ कवी हेड विन. ३१ जुलै १९१७ रोजी तो फ्लँडर्समध्ये मारला गेला. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये वेल्श साहित्य महोत्सवात त्याची कविता पहिली आली. विजेत्याचे आसन मात्र काळ्या कापडाने झाकावे लागले.

पाचवा जॉर्ज, सहावा जॉर्ज आणि दुसरी एलिझाबेथ हे ओळीने पलटणीचे मानद सरसेनापती होते. १ मार्च २००६ रोजी, संत डेव्हिडच्याच दिवशी, ती आणि रॉयल रेजिमेंट ऑफ वेल्स एकत्र होऊन ‘द रॉयल वेल्श’ ही नवी रेजिमेंट बनली. बोकडाची प्रथा नव्या रेजिमेंटनेही चालू ठेवली. त्याच वर्षी सायप्रसमध्ये राणीच्या वाढदिवसाच्या संचलनात रांग मोडल्याबद्दल बिली या बोकडाचा लान्स कॉर्पोरल हुद्दा काढून घेतला गेला आणि आल्माच्या स्मृतिदिनी त्याने नीट संचलन केल्यावर तो परत दिला गेला. पलटणीचे संग्रहालय कार्नार्व्हनच्या किल्ल्यात आहे.