माप कुणाच्या हातात? नाशिकमधल्या बारटेंडिंगची पार्श्वभूमी

गंगापूर रोडने धरणाकडे निघालं की द्राक्षमळ्यांच्या मधूनच वायनरीच्या पाट्या दिसू लागतात. शनिवार-रविवारी तिथे मुंबई-पुण्याच्या गाड्यांची रांग असते आणि टेस्टिंग रूमच्या, म्हणजे वाइन चाखायच्या दालनाच्या, काउंटरमागे आसपासच्या गावांतली मुलंमुलीही काम करताना दिसतात. शहरात हॉटेल मॅनेजमेंट शिकणाऱ्यांनाही बारटेंडिंग ही आता नोकरीची सरळ वाट वाटते. नाशिकला दारू जुनीच आहे आणि तिची विक्रीही जुनी. पण मोजून, मिसळून, समोरच्या माणसाकडे नीट पाहून पेला पुढे करणारा माणूस इथे फार उशिरा आला. तो का उशिरा आला, हे या धंद्यात येणाऱ्या प्रत्येकाला शेकर, म्हणजे पेय हलवून मिसळायचं झाकणाचं भांडं, हातात धरण्याआधी ठाऊक असायला हवं, असं मला मनापासून वाटतं.

जिल्ह्याच्या पश्चिम डोंगरपट्ट्यात, पेठ, सुरगाणा, त्र्यंबकच्या पाड्यांवर, मोहाची फुलं वेचून दारू गाळणं हे घरचंच काम होतं. देवाला धार द्यायला, लग्नकार्यात पाहुण्यांपुढे ठेवायला ती लागायची. मुंबई इलाख्यात 1878 साली अबकारी कायदा आला आणि ही घरची भट्टी गुन्हा ठरली. दारू गाळायची मक्तेदाराने, विकायची परवाना असलेल्या दुकानदाराने, आणि पैसा जायचा सरकारच्या तिजोरीत, अशी घडी बसली. दुकानदार उधारीवर द्यायचा आणि उधारी फुगत जायची. या जाचाला आदिवासींनी दिलेलं उत्तर आपल्याकडे फार कमी सांगितलं जातं. 1922 साली किनाऱ्याकडून देवीची चळवळ उठली आणि डोंगरपट्ट्यातून डांग आणि दक्षिण गुजरातपर्यंत पसरत गेली. अंगात आलेली देवी सांगायची: दारू-ताडी सोडा, रोज अंघोळ करा, दारूवाल्याच्या दारात जाऊ नका. हजारो लोकांनी तसं वागून दाखवलं. दारूबंदी हा मंत्रालयातून उतरलेला हुकूम आहे असं मानणाऱ्यांनी हा भाग विसरू नये. गावच्या दारूदुकानाविरुद्ध आजही बायका ‘उभी बाटली, आडवी बाटली’चं, म्हणजे दुकान चालू ठेवायचं की बंद करायचं याचं, मतदान मागतात, त्यामागे या पट्ट्याची एवढी जुनी स्मृती आहे.

मिसळलेल्या पेयाची गोष्ट मात्र वेगळ्या वाटेने आली, आणि तिची सुरुवातही इथून फार लांबची नाही. सतराव्या शतकात सुरतेच्या वखारीत ईस्ट इंडिया कंपनीचे लोक ताडी-गुळाचा अर्क, लिंबू, साखर, पाणी आणि मसाला एकत्र करून पंच प्यायचे. कंपनीच्या माणसाने 1632 साली लिहिलेल्या एका पत्रात त्याचा उल्लेख आहे, आणि 1638 साली सुरतेला आलेल्या मांडेल्स्लो या जर्मन प्रवाशानेही तो नोंदवला आहे. जहाजांबरोबर ही चाल इंग्लंडला गेली आणि पुढे अमेरिकेला. तिथे मोठ्या भांड्यातला पंच एकेकट्या पेल्यात उतरला. 13 मे 1806 रोजी न्यूयॉर्क राज्यातल्या हडसन गावच्या एका वर्तमानपत्राने कॉकटेलची व्याख्या छापली: मद्य, साखर, पाणी आणि बिटर्स, म्हणजे कडू मसाल्यांचा अर्क. 1862 मध्ये जेरी थॉमस या अमेरिकन बारटेंडरने कृतींचं पहिलं मोठं पुस्तक काढलं. आज सगळीकडे दिसणारा, झाकणातच गाळणी असलेला तीन भागांचा शेकर 1884 साली ब्रुकलिनच्या एडवर्ड हॉकने पेटंट केला. 1920 ते 1933 या काळात अमेरिकेत दारूबंदी होती, तेव्हा तिथले चांगले बारटेंडर लंडन, पॅरिस, हवानाला गेले आणि जाताना ही कला घेऊन गेले. बंदीने तिथल्या कारागिरांना देशाबाहेर पाठवलं. आपल्याकडे बंदी आली तेव्हा तसे कारागीर मुळात फारसे नव्हतेच.

सुरतेच्या त्या पंचातलं गणित अजून बदललेलं नाही. कडक, आंबट, गोड आणि पाणी हे चार सांभाळले की निम्मी कॉकटेल्स हाताखाली येतात. 60 मिली मद्य, 20 ते 25 मिली लिंबाचा रस आणि जवळपास तेवढाच साखरेचा पाक हे ‘सावर’ म्हणजे आंबट गटाचं माप पाठ करावं, पण त्यावर आंधळा विश्वास ठेवू नये. आपलं कागदी लिंबू मे महिन्यात एक असतं आणि श्रावणात दुसरं, म्हणून रस काढला की आधी चाखायचा. ज्यात रस, दूध किंवा अंडं आहे ते शेकरमध्ये जोरात हलवायचं. ज्यात नुसती मद्यं आहेत ते बर्फावर चमच्याने ढवळायचं. हलवताना बर्फ वितळून जे पाणी उतरतं ते तयार पेयाच्या जवळजवळ पाव भाग असतं, त्यामुळे बर्फ हाही कृतीतला एक जिन्नस आहे. नाशिकच्या एप्रिलमध्ये ओला, अर्धवट वितळलेला बर्फ घेतलात तर पेय क्षणात पाणचट होतं. शिवाय बर्फ कुठला आहे हे बघणं ही काउंटरमागच्या माणसाची पहिली जबाबदारी. महाराष्ट्रात 2018 पासून अखाद्य बर्फाला निळा रंग घालणं बंधनकारक केलं गेलं. कारण मासे-भाज्यांसाठी बनलेल्या लाद्या खुशाल फोडून पेल्यात पडत होत्या.

आता 1949 कडे वळू, कारण नाशिकचा काउंटर खरा घडला तो तिथे. मुंबई प्रांताने त्या वर्षी दारूबंदी कायदा केला. मोरारजी देसाई गृहमंत्री होते आणि बंदीवर त्यांची श्रद्धा होती. कायद्याला आव्हान दिलं गेलं, आणि 1951 च्या बलसारा खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने औषधं आणि प्रसाधनांबाबतच्या काही तरतुदी काढून बाकीचा कायदा कायम ठेवला. पिणाऱ्याला परवाना लागू लागला, तोही प्रकृतीच्या कारणासाठी. पुढे 1960 च्या दशकात वसंतराव नाईकांच्या काळात महाराष्ट्राने बंदी सैल केली. हातभट्टीचा सुळसुळाट आणि बुडणारा महसूल ही त्यामागची कारणं होती. पण कायदा रद्द झाला नाही. सरसकट बंदी हा नियम आणि परवाना हा अपवाद, ही त्याची बांधणी आजही तीच आहे. म्हणून तर पिणाऱ्याने घ्यायच्या एका दिवसाच्या परवान्याची कागदावरची अट अजून आहे. हाच 1949 चा कायदा गुजरातनेही पुढे चालवला, फक्त त्यांनी महाराष्ट्रासारखा सैल केला नाही. वणीवरून सापुताऱ्याला जाणारा नाशिककर हद्द ओलांडतो तेव्हा एकाच कायद्याच्या एका अर्थातून दुसऱ्या अर्थात शिरतो.

या अपवादातून परमिट रूम जन्मली. काळ्या काचा, मंद दिवे, दाराला पडदा, आत सनमायकाची टेबलं. मुंबई-आग्रा महामार्गावर, नाशिकरोडला, सातपूर-अंबडच्या कामगार वस्तीत अशा परमिट रूम उभ्या राहिल्या. तिथे गिऱ्हाईक बसतं, क्वार्टर मागवतं, वेटर सीलबंद बाटली, सोडा आणि चखणा आणून ठेवतो, आणि पुढचं सगळं गिऱ्हाईक स्वतः करतं. किती ओतायची, किती पाणी घालायचं, कधी थांबायचं, हे सगळं त्याच्याकडे. वेटरचं काम बाटली आणणं आणि बिल करणं. मला या रचनेत सगळ्यात मोठी हानी दिसते ती हीच. बारटेंडरच्या कामाचं मूळच माप आहे, आणि आपल्याकडे ते माप तीन पिढ्या पिणाऱ्याच्या हातात राहिलं. 180 मिलीची क्वार्टर हे त्यामुळे आपलं नकळत ठरलेलं एकक झालं. क्वार्टर फोडली की संपवायची असते. अर्धी ठेवून कुणी उठत नाही.

देवळाली कॅम्पाच्या मेसमध्ये मात्र फार पूर्वीपासून मोजून पेग देणारे हात होते. इंग्रजांच्या काळापासूनची ती छावणी, आणि लष्करी मेसमध्ये पेग मेजरशिवाय, म्हणजे पेग मोजायच्या छोट्या मापाशिवाय, पेला भरत नाहीत. ती शिस्त कॅम्पाच्या फाटकाबाहेर कधी आली नाही.

शहरात माप परत काउंटरमागे आलं ते द्राक्षांमुळे. सुला या नाशिकच्या वाइन कंपनीने 1990 च्या दशकाच्या शेवटी वायनरी उभी केली आणि 2000 साली तिची पहिली वाइन बाजारात आली. 2001 मध्ये राज्याने द्राक्ष प्रक्रिया धोरण आणलं, वाइनला उत्पादन शुल्कात सवलत दिली आणि निफाड तालुक्यातल्या विंचूरला वाइन पार्क ठरवला. त्यानंतर दिंडोरी, निफाड, इगतपुरीकडे वायनऱ्या वाढत गेल्या. 2005 मध्ये सुलाने टेस्टिंग रूम उघडली. इथे गिऱ्हाइकासमोर बाटली ठेवून निघून जाता येत नाही. थोडी थोडी ओतायची, कुठली द्राक्षं, किती थंड, कशाबरोबर, हे सांगायचं. शेनिन ब्लांक या पांढऱ्या आणि शिराझ या लाल वाइनमधला फरक ज्याला सांगता येतो तो पोरगा वेटर राहत नाही. दरवाजे मुलींसाठीही उघडले. शत्भी बासू यांनी 1980 च्या दशकात मुंबईत काउंटरमागे उभं राहून वाट पाडली होती; 2007 साली सर्वोच्च न्यायालयाने अनुज गर्ग खटल्यात दिल्लीतली बारमध्ये स्त्रियांना नोकरी देण्यावरची बंदी रद्द करणारा उच्च न्यायालयाचा निर्णय कायम ठेवला, आणि बाईने दारू देऊ नये या समजुतीला कायद्याचा आधार उरला नाही. जानेवारी 2022 मध्ये मोठ्या दुकानांत वाइन विकायला मंत्रिमंडळाने मंजुरी दिली, विरोध झाला, अण्णा हजारेंनी उपोषणाचा इशारा दिला आणि निर्णय अंमलात आला नाही. द्राक्ष उत्पादक आणि दारूमुळे संसार उद्ध्वस्त झालेल्या बायका, दोघांचंही म्हणणं ऐकण्यासारखं आहे.

या सगळ्यामुळे नाशिकच्या बारटेंडरला जबाबदारीने देणं हा अभ्यासक्रमातला शेवटचा धडा म्हणून शिकवला जाऊ नये. तो पहिला असावा, आणि त्याची सुरुवात आकड्यांनी व्हावी. आपल्याकडच्या व्हिस्की-रममध्ये 42.8 टक्के मद्यार्क असतो. 30 मिलीच्या स्मॉल पेगमध्ये म्हणजे सुमारे 10 ग्रॅम शुद्ध अल्कोहोल येतो. 150 मिली वाइनच्या पेल्यात साधारण 15 ग्रॅम. आणि 8 टक्क्यांच्या स्ट्राँग बिअरच्या 650 मिलीच्या एका बाटलीत 41 ग्रॅम, म्हणजे चार स्मॉल. ‘मी फक्त बिअर घेतो’ म्हणणाऱ्या माणसाने एक बाटली संपवली तरी त्याचे दोन लार्ज (60 मिलीचे पेग) झालेले असतात. यकृत तासाला साधारण एका स्मॉलएवढंच निस्तरतं; ब्लॅक कॉफी, लिंबूपाणी, तोंडावर पाण्याचे हबके यांनी तो वेग वाढत नाही. गाडी चालवणाऱ्यासाठी मर्यादा 100 मिली रक्तात 30 मिलिग्रॅमची आहे, आणि 60 किलोच्या माणसाने उपाशीपोटी एक लार्ज पटकन घेतला तरी ती ओलांडली जाऊ शकते. पहिल्याच गुन्ह्याला 10,000 रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही.

वयाचंही तसंच. महाराष्ट्रात बिअर आणि वाइनसाठी 21, कडक मद्यासाठी 25. बावीस वर्षांच्या पर्यटकाला वाइनचा पेला देता येतो, जिनचं कॉकटेल देता येत नाही, आणि त्याचा चेहरा बघून अंदाज करण्यापेक्षा ओळखपत्र मागणं कधीही बरं. महामार्गांवरचे अपघात पाहून सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर 2016 मध्ये महामार्गापासून 500 मीटरच्या आत दारूविक्रीला मनाई केली, तेव्हा एप्रिल 2017 मध्ये राज्यभर महामार्गालगतची दुकानं आणि परमिट रूम बंद झाली. त्याच वर्षी न्यायालयाने शहरी हद्दीबाबत खुलासा केला आणि पालिका क्षेत्रातली दारं पुन्हा उघडली. अंतर मोजणारा आदेश असा येतो-जातो. टेबलावरच्या माणसाला पाहणारा माणूस मात्र रोज तिथेच असतो.

नाही म्हणणं ही त्याची सगळ्यात कठीण हातोटी. ‘दादा, तुम्हाला झाली’ असं चारचौघांत कधी म्हणू नये. माणूस अपमानाने पेटतो आणि भांडण उभं राहतं. आधी पाणी ठेवावं, काहीतरी खायला आणावं, पुढचा पेला सावकाश करावा. बरोबर आलेल्यांपैकी शुद्धीत असलेल्याला बाजूला घेऊन बोलावं, तेही ‘साहेब’ न सोडता. ‘वरून अजून थोडी’ या आग्रहाला पेग मेजर हेच उत्तर: हात सैल सोडणाऱ्या बारटेंडरला गिऱ्हाईक चांगला म्हणतं, पण मग पेले मोजण्यालाच काही अर्थ उरत नाही. आणि टेस्टिंग रूममध्ये थुंकायचं भांडं काउंटरखाली लपवून न ठेवता वर, पेल्यांशेजारी ठेवावं. गट आला की पहिल्याच मिनिटाला गाडी कोण चालवणार आहे ते विचारावं, आणि त्याला सांगावं की घोट तोंडात फिरवून थुंकला तरी वाइनची चव पूर्ण कळते.