शेपटीच्या जागी पाय: टिश्यू रिपेअरची मागची कथा

आमच्या जळगावकडच्या एका कॉलेजात झूऑलॉजीचे सर पोरांना सोबत घेऊन टिश्यू रिपेअरवर काम करताय, म्हणजे तुटलेला अवयव परत कसा येतो ते बघताय, आणि पोरांच्या घरी एकच प्रश्न, बेडकाच्या पिल्लांवर कसली आली पीएचडी? म्हणून मागचं थोडं सांगतो.

ह्या विषयाची सुरुवातच एका शिकवणीवाल्या मास्तराने केलीय. आब्राहाम ट्रेंबली, हॉलंडमध्ये एका सरदाराच्या दोन मुलांना घरी शिकवायचा, त्याला डबक्याच्या पाण्यात हायड्रा नावाचा बारीकसा जीव सापडला. कापला तर प्रत्येक तुकड्याचा अख्खा जीव तयार! १७४४ मध्ये त्याने ते छापलं. पुढे १७६८ मध्ये इटलीच्या स्पलान्झानीने सॅलमँडरचे, म्हणजे पालीसारख्या दिसणाऱ्या पण बेडकाच्या जातकुळीतल्या प्राण्याचे, पाय परत फुटतात हे दाखवलं, मग अमेरिकेच्या मॉर्गनने प्लॅनेरिया नावाच्या चपट्या किड्याचे बारीक तुकडे करून पाहिले, तोच मॉर्गन ज्याला नंतर क्रोमोसोमच्या कामावर १९३३ चं नोबेल मिळालं.

पण खरी मजा आपल्याकडची आहे आणि ती फारशी कोणी सांगत नाही. ओडिशात उत्कल विद्यापीठात प्रियंवदा मोहंती हेजमाडी नावाच्या प्राध्यापिका होत्या, ओडिसी नाचणाऱ्यासुद्धा बरं का. त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी टॅडपोलची, म्हणजे बेडकाच्या पिल्लांची, शेपटी कापून त्यांना व्हिटॅमिन एच्या पाण्यात ठेवलं, तर कापल्या जागी शेपटीऐवजी चक्क पाय फुटले!! १९९२ मध्ये ते नेचर ह्या विज्ञानाच्या नावाजलेल्या मासिकात आलं. पेशींना आपण शरीरात कुठे आहोत हेच चुकीचं कळलं असा त्याचा ढोबळ अर्थ. त्याआधी जयपूरला नियाझी नावाच्या संशोधकांनीही व्हिटॅमिन ए आणि टॅडपोलच्या पायांवर काम केलेलं होतं.

ह्यात करोडोची मशीन कुठेच नाही. डबकं, ब्लेड, काचेचं भांडं, टॅडपोलला खायला उकडलेला पालक, आणि रोज उठून बघणारी पोरं. कापल्यावर आधी जखमेवर कातडीचा पातळ थर येतो, मग त्याखाली पेशींचा कोंब जमतो, ब्लास्टेमा म्हणतात त्याला, सगळं पुढचं तिथून. खान्देशात अडचण वेगळीच, पाऊस कमी म्हणून डबकी फार दिवस टिकत नाही, सीझन गेला की काम थेट पुढच्या वर्षावर. १९९० पर्यंत तर आपली कॉलेजं पुणे विद्यापीठाखाली होती, म्हणजे रिसर्चच्या कागदासाठीही पुण्याकडेच बघायचं.

पोरांचा प्रश्न आता असाय की लहान टॅडपोलला पाय परत फुटतो पण मोठ्या बेडकाला नाही, तर हे मधे नेमकं कधी बंद पडतं.